ओठांचा रंग

"ही खूण कशाची?"

डॉक्टर भुवनांचं बोट माझ्या उजव्या जांघेशी थांबलं होतं. तिथे नखाएवढी एक पांढुरकी आडवी रेघ आहे. मी तिच्याकडे जन्मात कधी नीट पाहिलेलं नव्हतं. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की लहानपणी गळू झालं होतं, ते कापलं त्याची ही खूण. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून पुन्हा पाहिलं आणि पडद्यापलीकडे उभ्या असलेल्या सुगुणाबाईंना हाक मारली. दोघी बराच वेळ तमिळमध्ये बोलल्या. त्यात मला फक्त माझं नाव कळलं. वृंदा, पण त्यांच्या तोंडी ते ‘बिरिंदा’ होतं.

सुगुणाबाई चेन्नईच्या त्या इस्पितळात समुपदेशक होत्या. फुप्फुसं बदलायला आलेल्या पेशंटांची आणि त्यांच्या घरच्यांची मनाची तयारी करून घ्यायची, हे त्यांचं काम. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला गेले आणि तिथलेच झाले, पण घरात मराठी राहिलं. राहिलं म्हणजे कसं, तर बरणीत भरून वर फडक्याचा दादरा बांधलेल्या लोणच्यासारखं. पहिल्या दिवशी त्या बोलायला लागल्या तेव्हा अण्णांनी मला हळूच विचारलं होतं, बाई बोलतायत का कीर्तन करतायत. त्यांच्यासारखं बोलणं मला जमायचं नाही, म्हणून इथे ते आपल्या मराठीतच सांगते.

"डॉक्टर म्हणतात, ही गळवाची खूण नाही," सुगुणाबाई म्हणाल्या. "पूर्वी लहान मुलांच्या हृदयाची तपासणी करायची तर इथे चिरून शिरेतून नळी आत सरकवत. तुमच्या हृदयाची कुणीतरी तशी तपासणी केलेली आहे. तुम्ही अगदी लहान असताना."

मला हसूच आलं. म्हटलं, शक्य नाही. माझ्या हृदयाला भोक आहे हे सव्विसाव्या वर्षी कळलं, लग्नानंतर. त्याआधी कुणालाच माहीत नव्हतं.

"तुम्हाला माहीत नव्हतं," सुगुणाबाई म्हणाल्या, आणि मला कपडे नीट करता यावेत म्हणून पडदा ओढून बाहेर गेल्या.

आता आजाराचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये भिंत असते. माझ्या भिंतीला जन्मापासून भोक होतं. त्यातून वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त फुप्फुसांत जात राहिलं. सुरुवातीला शरीर कुरकुरत नाही. मुलगी चारचौघींसारखी वाढते, फुगड्या घालते, जरा लवकर दमते एवढंच. पण आत फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या त्या माऱ्याने जाड आणि कडक होत जातात, त्यांच्यातला दाब चढत जातो, आणि एक वेळ अशी येते की हृदयाला तो दाब रेटवत नाही. मग भोकातून रक्त उलटं वाहायला लागतं आणि माणूस निळं पडू लागतं. तिथवर गेल्यावर नुसतं भोक बुजवलं तर माणूस हातचं जातं. एकच वाट उरते. दोन्ही फुप्फुसं दुसऱ्याची बसवायची आणि त्याच वेळी भोकही शिवायचं. लहानपणीच ते शिवलं असतं तर यातलं काही घडलं नसतं, हे मला बहुतेक प्रत्येक डॉक्टरने ऐकवलं होतं, आणि ऐकवताना अण्णांकडे पाहिलं होतं. अण्णांचं उत्तर ठरलेलं असे.

"आम्हाला कळलंच नाही हो साहेब."

अण्णा म्हणजे माझे वडील, दत्तोबा पतंगे. बार्शीत त्यांचा ‘रूपरंग’ नावाचा फोटो स्टुडिओ होता आणि आसपासच्या गावांत त्यांचं नाव होतं ते स्थळाच्या फोटोंसाठी. उपवर मुलीचा फोटो अण्णांनी काढला की पाहण्याचा कार्यक्रम ठरलाच म्हणून समजा. कुणाच्या गालावर देवीचे व्रण, कुणाच्या कपाळाला खोक, कुणाचा एक डोळा बारीक. अण्णा निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून ते सगळं मिटवत, पुढे संगणकावर मिटवायला लागले. यात फसवणूक आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. पोरीला निदान बघायला तरी येऊ देत, पुढचं तिचं ती बघेल, असं ते म्हणत. माझाही फोटो त्यांनीच काढला होता. तो पाहून लातूरचं स्थळ आठ दिवसांत पक्कं झालं.

चार वर्षांत ते लग्न संपलं. मला जिना चढवेना, बोलताना वाक्य पुरं होईना. तपासणी झाली, आजाराचं नाव कळलं, आणि सासूबाई आपल्या भावाला घेऊन बार्शीला आल्या. आजारी पोरगी आमच्या गळ्यात मारली, असं त्या आमच्या ओसरीवर बसून म्हणाल्या. अण्णा उठले आणि त्या दोघांना भगवंताच्या देवळात घेऊन गेले. मीही धापा टाकत मागोमाग गेले. माहीत असून लपवलं असेल तर माझे डोळे जातील, अशी शपथ त्यांनी उंबऱ्यावर हात ठेवून घेतली. फोटोग्राफर माणूस डोळ्यांची शपथ घेतोय म्हटल्यावर सासूबाईंचे भाऊही वरमले. तरी सासूबाई काहीतरी पुटपुटल्याच. तेव्हा मी, जिला दहा पावलं नीट चालता येत नव्हतं ती, त्यांच्या अंगावर धावून गेले होते. माझ्या वडलांना खोटं ठरवाल तर याद राखा, असं म्हणाले होते.

नवरा सुटला, आई त्याआधीच गेली होती, उरलो आम्ही दोघं. गोळ्या सुरू झाल्या. या आजारावर जी गोळी देतात ती पुरुषांच्या वेगळ्याच कामासाठी प्रसिद्ध आहे. पासष्टीकडे झुकलेले अण्णा दर महिन्याला ती मागायला जात तेव्हा औषधाच्या दुकानातली पोरं एकमेकांना कोपर मारत. पोरीसाठी आहे हे अण्णांनी त्यांना कधी सांगितलं नाही, पोरीचं नाव दुकानात कशाला निघायला हवं म्हणून. घरी येऊन मात्र म्हणायचे, "गावात माझी पत वाढलीय बघ." आम्ही दोघं हसायचो आणि मला खोकला यायचा.

चेन्नईला यायचं तर घरातलं एक माणूस कायम सोबत हवं, इस्पितळाजवळ बिऱ्हाड करून राहायला हवं, असा नियम होता. अण्णांनी स्टुडिओला कुलूप घातलं. आयुष्यभर जिथे उभे राहिले ती जागा माझ्यापायी बंद झाली. ऑपरेशन करायला माझं मन खरं तर तयार नव्हतं. टेबलावरच जाण्याची भीती होती, आणि कुणीतरी मरायची वाट बघत बसणंही नको वाटत होतं. पण अण्णा म्हणाले, माझ्यासाठी हो म्हण, आणि मी हो म्हणाले. या माणसाचं मी एवढं वाटोळं केलंय, निदान त्याचं एवढं ऐकू, असा माझा हिशेब होता. भोक माझ्या छातीत होतं, पण त्याची शरम त्यांना सोसावी लागत होती, याची बोचणी मला उठताबसता असे.

कपडे करून मी सुगुणाबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी मला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. जुन्या चुकीसाठी इथे कुणाला शिक्षा होत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. पण फुप्फुसांची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत नाव घालायचं की नाही हे ठरवताना सोबतचा माणूस कसा आहे हेही पाहतात. नवी फुप्फुसं बसली की शरीर त्यांना परकी म्हणून हुसकायला बघतं. थोडा ताप, थोडी धाप, जरासा बदललेला रंग, असं काहीही दिसलं तर लगेच इस्पितळाला कळवायचं. एका घरच्यांनी परत भरती करतील या भीतीने ताप लपवला होता, आणि बाईंनी पुढचं सांगितलं नाही.

"ज्याने एकदा लपवलं तो पुन्हा लपवेल का, एवढंच मला बघायचंय," त्या म्हणाल्या. "उद्या वडलांना घेऊन या. मी त्यांना विचारणार आहे. ते काय सांगतात त्यावर मी काय लिहायचं ते ठरवीन."

"आणि तुम्ही नको म्हणालात तर?"

"दुसरं कुणी सोबत येणार असेल तर बघू."

दुसरं कुणी नव्हतं. मला भाऊ नाही, काका नाही. मावशी होती ती गुडघ्यांनी घरात बसलेली. म्हणजे उद्या अण्णा काय बोलतात यावर मी यादीत जाणार की गाडीत बसून बार्शीला, हे ठरणार होतं. आणि बार्शीला गेले तर फार तर पुढची दिवाळी दिसेल, हे डॉक्टर भुवनांनी माझ्यापासून लपवलेलं नव्हतं.

बाहेर अण्णा बाकावर बसले होते. एका हाताशी ऑक्सिजनचा सिलिंडर, दुसऱ्या हाताशी थर्मास. मला पाहून उठले, सिलिंडरची नळी सारखी केली आणि म्हणाले, "बाईंनी बराच वेळ घेतला." मी म्हटलं, नेहमीचंच. आम्ही रिक्षात बसलो. खोटं बोलणारा माणूस तोंडावरून ओळखू येतो असं लोक म्हणतात. मी सगळी वाट त्यांच्या तोंडाकडे पाहत होते आणि मला ते रोजचेच अण्णा दिसत होते.

आमची खोली तळमजल्यावर होती. दुपारचा स्वयंपाक अण्णा करत. चेन्नईतही ते पिठलंच करत, इथल्या माणसांना खोबऱ्याशिवाय काही सुचत नाही अशी कुरकुर करत. कांदा चिरताना त्यांची पाठ माझ्याकडे होती तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अण्णा, मला गळू झालं होतं ते कोणत्या साली हो?"

सुरी थांबली नाही. "शाळेत घालायच्या आधी. सोलापूरला नेलं होतं. लई रडली होतीस तू."

"कुणी कापलं?"

"आता डॉक्टरचं नाव कुठलं ध्यानात राहायला."

अण्णांना पंचवीस वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात किती फोटो काढले ते ध्यानात असे. मी पलंगाच्या कडेला बसले. सुगुणाबाईंनी सांगितलेलं सगळं, खुणेपासून उद्याच्या प्रश्नापर्यंत, मी त्यांच्या पाठीला सांगितलं. ते वळले नाहीत. कांदा चिरून झाला, तो त्यांनी ताटलीत काढला, सुरी ठेवली, हात धुतले आणि मग जमिनीवर भिंतीला टेकून बसले. घरात ते असे खाली कधी बसत नसत.

"पुण्याला केली होती तपासणी," ते म्हणाले. "सोलापूरच्या डॉक्टरनं धाडलं होतं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, भोक हाय, शाळेत घालायच्या आधी ऑपरेशन करून टाका, पोर शंभर वर्षं जगंल. मी त्यांना विचारलं, खूण किती राहील? त्यांनी आपल्या छातीवरून बोट फिरवून दाखवलं. गळ्याच्या खाली इथनं, ते पार इथपर्यंत."

"मग?"

"माझ्या डोळ्यांपुढं तू आली नाहीस बघ, वृंदा. माझ्या स्टुडिओतल्या पोरी आल्या."

मग त्यांनी गुळवे मास्तरांच्या मुलीचं सांगितलं. चहा सांडून तिचा गळा भाजलेला होता. अण्णांनी फोटोत डाग मिटवला, मुलाकडचे आले, आणि त्यातल्या एका बाईने सगळ्यांदेखत मुलीचा पदर बाजूला करून गळा पाहिला. लोक चहा न घेता उठले. ती मुलगी पुढे तशीच राहिली. तिचे वडील स्टुडिओत येऊन अण्णांसमोर रडले होते, आणि मला पुण्याला नेलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

"मी डॉक्टरला म्हटलं, बघतो," अण्णा म्हणाले. "घरी येऊन तुझ्या आईला म्हटलं, पोर खेळतीय, पळतीय, कशाला चिरायची? लग्न झालं की करू. एकदा नांदायला लागली म्हणजे खुणेचं कोण बघतंय? तुझी आई करून घेऊ म्हणत होती. दोन-तीनदा बोलली. मग बोलायची थांबली. तू काही आजारी पडत नव्हतीस. वर्षं गेली तसं मलाच वाटायला लागलं, भोक बुजलं असेल. डॉक्टर चुकले असतील."

माझ्या अंगात आग पेटली होती, पण आग ओकायला श्वास लागतो. मी सिलिंडरचा काटा वाढवला. अण्णा लगेच उठायला लागले, मी हातानेच बसा म्हटलं.

"तुम्ही देवळात शपथ घेतलीत."

"घेतली."

"मी त्या बाईच्या अंगावर धावून गेले तुमच्यासाठी."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं संपलं, पण ते संपलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर इथवरचं मी सोसलं असतं. अडाणी माया म्हणाले असते, त्या काळची माणसं म्हणाले असते. पुढचं त्यांनी मला सांगितलं नसतं तरी मला कधी कळलं नसतं.

"तुझा स्थळाचा फोटो काढला ना," ते म्हणाले, "तेव्हा संगणकावर बघितलं तर ओठ जांभळट दिसले. म्हटलं, उजेड चुकला. पुन्हा काढला. खिडकीत उभी करून काढला, अंगणात काढला. तू वैतागली होतीस, म्हणालीस अण्णा किती वेळ. साडी बदलायला लावली तुला. पण रंग तोच येत होता. चाळीस वर्षं माणसांचे चेहरे बघितलेत मी. मला कळलं, उजेड बरोबर हाय. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ओठ निळे व्हायला लागले तर फार उशीर झाला म्हणून समजा."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"लाल वाढवला."

खोलीत पंखा फिरत होता. तो फोटो मला पाठ होता. वांगी रंगाची साडी, आणि ओठ असे की मैत्रिणींनी विचारलं होतं कुठली लिपस्टिक गं. मी म्हटलं होतं, माझे मूळचेच आहेत.

मी ओरडले नाही, मला ओरडता येत नव्हतं. त्यांना एवढंच म्हटलं की तुम्ही मलाच अपराधी वाटू दिलंत. चार वर्षं तुम्ही माझी उष्टी भांडी घासताय आणि मी मनातल्या मनात तुमची माफी मागतेय, आणि तुम्ही ती मागू दिलीत. ते म्हणाले, हो. त्यांनी एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. भांडायला समोर माणूस तरी हवा.

मग मी जे बोलले ते आजही मला जसंच्या तसं आठवतं.

"उद्या बाई विचारतील. गळू होतं म्हणून सांगायचं. मीही तेच सांगीन. डॉक्टरांच्या संशयाला पुरावा नाही. इतकी वर्षं खोटं बोललात, आता आणखी एकदा बोला. या वेळी माझ्यासाठी."

"वृंदा, ते नको."

"मला जगायचंय, अण्णा."

हे वाक्य माझ्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा निघालं. तोवर मी त्यांच्यासाठी हो म्हणत होते. आता त्यांचं काही देणं उरलं नाही म्हटल्यावर मला कळलं की मला स्वतःलाच मरायचं नाही. ते उठले. पिठलं केलं, मला वाढलं, स्वतः जेवले नाहीत. मी जेवले, कारण उपाशी राहून राग काढायची चैन मला परवडणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. रिक्षातून उतरताना मी पुन्हा बजावलं. त्यांनी मान डोलावली. ती हो म्हणून डोलावली असं मी धरून चालले.

सुगुणाबाईंनी त्यांना खुर्ची दिली, मला शेजारी बसवलं. आधी इकडचं तिकडचं विचारलं, जेवण काय करता, इथलं पाणी मानवतं का. मग सरळ विचारलं, "मुलीच्या हृदयाला भोक आहे हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?"

मी अण्णांच्या मनगटावर हात ठेवला. बाईंना वाटलं असेल धीर देतेय. मी नख रुतवत होते.

"ती पाच वर्षांची होती तेव्हा," अण्णा म्हणाले.

ते पुढे बोलत राहिले. पुण्याची तपासणी, छातीवरची खूण, गुळव्यांची मुलगी, देवळातली शपथ, फोटो, ओठ. सुगुणाबाई मधून मधून एखादा शब्द पुन्हा विचारत, आपलं मराठी त्यांना सगळंच कळत नसे, आणि अण्णा तो शब्द पुन्हा सांगत. ‘लाल वाढवला’ हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मी हात काढून घेतला होता. माझा जीव या माणसाच्या हातात दिला आणि याने दुसऱ्यांदा घालवला, असं मी मनात म्हणत होते. पहिल्यांदा खोटं बोलून आणि आता खरं बोलून.

"तुमच्या मुलीने गळू सांगा म्हटलं असेल," सुगुणाबाई म्हणाल्या.

"तिचं काही नाही यात," अण्णा म्हणाले. "मी खोटं बोललो म्हणूनच ती इथवर आली. पुन्हा बोललो तर नवी फुप्फुसंसुद्धा मीच घालवीन. बाई, दुसरं माणूस मिळतंय का ते बघा. पगारी ठेवा. मी बाहेर बसून सैपाक करीन. पण माझ्यापायी तिला यादीतनं काढू नका."

त्यांनी हात जोडले नाहीत, रडले नाहीत. बिलाची थकबाकी सांगावी तसं कोरडं बोलले. सुगुणाबाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"पगारी माणूस नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या. "घरचंच हवं. म्हणून तुम्हालाच विचारते. ऑपरेशननंतर एखाद्या दुपारी तुम्ही झोपलेल्या असाल आणि तुमच्या ओठांचा रंग बदलला. तुम्हाला कळणार नाही. तर ते कुणाच्या लक्षात येईल?"

"त्यांच्या," मी म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. अख्ख्या जगात माझ्या ओठांचा रंग त्या माणसाइतका कुणाला माहीत होता?

"आणि ते आम्हाला सांगतील?"

मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत होते. एकीकडे पंचवीस वर्षं आणि दुसरीकडे मघाची पंधरा मिनिटं. मी म्हटलं, "सांगतील."

"नक्की?"

"आज सांगितलं की. मी नको म्हणत असताना सांगितलं."

सुगुणाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि लिहायला सुरुवात केली. त्या काय लिहीत होत्या ते मला दिसत नव्हतं. लिहून झाल्यावर म्हणाल्या, रक्ताची राहिलेली तपासणी उद्या करून घ्या, या आठवड्यात नाव यादीत जाईल.

बाहेर अण्णा बाकावर नव्हते. सिलिंडर आणि थर्मास शेजारी ठेवून ते भिंतीशी उभे होते. मला पाहून ते पुढे आले. मीच म्हटलं, यादीत घालतायत. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आणि सोबत कोण राहायचं?"

"तुम्हीच."

"मी? माझ्याबद्दल काय विचारलं त्यांनी?"

"तुम्ही काही लपवाल का, असं विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"लपवणार नाहीत म्हटलं."

ते बाकावर बसले आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून रडायला लागले. येणारेजाणारे पाहत होते. इस्पितळात रडणाऱ्याकडे पाहून लोक समजायचं ते समजतात आणि पुढे जातात. मी शेजारी उभी होते, माझा हात त्यांच्या पाठीपासून वीतभर लांब होता. तो मी ठेवला नाही. मला अजून त्यांची चीड येत होती, आणि माझा जीव वाचला म्हणून आनंदही होत होता, आणि दोन्हींची लाज वाटत होती.

पुढे पावसाळा सरता सरता कुणाची तरी फुप्फुसं मला मिळाली. कुणाची, ते सांगत नाहीत. त्या घरच्यांची आठवण काढल्याशिवाय मी अजून झोपत नाही. आम्ही वर्षभर चेन्नईत राहिलो, मग बार्शीला आलो. अण्णा रोज सकाळी मला दारात उजेडाला उभी करून ओठ पाहत. कधी मी पुरती बरी असताना त्यांना रंग फिका वाटला, कधी शेजारच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी वाटला, एकदा गाडीत बसल्यावर वाटला. मी विनवलं, भांडले, दोन-दोन दिवस अबोला धरला. ते सरळ इस्पितळाला फोन लावत. दोनदा त्यांचं खरं निघालं. त्यातल्या एका वेळी डॉक्टर भुवना म्हणाल्या होत्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं.

परवाच्या संक्रांतीला अण्णा गेले. शेवटच्या आजारात त्यांना मधूनच ते दिवस आठवायचे. एकदा माझा हात धरून म्हणाले, सगळ्या जगाने मला खोटं म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्या दिवशी तू माझ्यावर भरवसा टाकलास, त्याच्यावर मी जगलो बघ.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या दिवशी सुगुणाबाईंच्या खोलीत माझा त्यांच्यावर काडीचाही भरवसा नव्हता. मला यादीत जायचं होतं, म्हणून मी ते वाक्य बोलले होते. हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.